हाकेचं नाव

"हा कोण?"

सटवाबांचे हात दगडाच्या भुकटीनं भरलेले होते. म्हणून त्यांनी बोट कागदाला लावलं नाही, वरच्या वर धरलं.

"शिपाई," अंबाजी म्हणाला.

"ते दिसतंय. पण कोण?"

"कुणी एक नाही, बाबा. सगळ्यांच्या वतीनं एक."

"असं..."

सटवाबा कागदाकडं बघत राहिले. कागदावरचा शिपाई छाती काढून उभा होता. मांड्या पिळदार, मिशा वळवलेल्या, खांद्याला बंदूक, नजर लांब कुठंतरी डोंगरापलीकडं. असा माणूस कासेगणीत कधी जन्मला नव्हता, पण बघणाऱ्याला वाटावं, जन्मायला हवा होता.

"नाक झ्याक काढलंयस," सटवाबा म्हणाले. "ह्याच्या आईचं नाव काय?"

अंबाजी हसला. "बाबा, चित्राला कुठं आई असते?"

"मग ह्याच्यासाठी रडायचं कुणी?"

अंबाजीनं कागदाची गुंडाळी केली. म्हातारा आता थकला, असं त्याच्या मनात आलं. आपण तीन वर्षं मुंबईच्या कलाशाळेत काढली, तिथं परदेशातून आणलेले मोठमोठे पुतळे बघून बघून हात तयार केला, वर्गात पहिले आलो, हे या माणसाला कसं समजावं?

पण समजावणं भाग होतं. कारण छिन्नी धरायला शिकवलं होतं ते याच माणसानं.

सटवाबा पाथरवट. कासेगणीच्या बाहेर, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर त्यांची खाण होती. पाच कोसांतल्या घराघरांतली जाती त्यांच्या हातची, देवळांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. अंबाजी पोरका. सटवाबांनीच त्याला वाढवला, आणि त्याचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे हे कळल्यावर त्यांनीच त्याला मुंबईला धाडला. तो परत आला तेव्हा पहिलं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं.

कासेगणीतून त्या युद्धावर तेवीसजण गेले होते. बहुतेक इराकातल्या बसऱ्याकडं. सहा परत आले नाहीत, असं चावडीवरच्या यादीत होतं. त्या सहांत पाटलांचा थोरला मुलगा होता. हैबतराव पाटलांनी ठरवलं, गावात स्मारक करायचं. चावडीसमोर उभं करायचं, मामलेदारांच्या हस्ते उघडायचं. पाटील खाणीवर आले आणि त्यांनी काम सटवाबांना सांगितलं. बोलताना मात्र ते अंबाजीकडं बघत होते.

"पुतळा पाहिजे," पाटील म्हणाले होते. "बघणाऱ्याची मान वर झाली पाहिजे."

अंबाजीनं त्याच दिवशी कागद घेतला होता. आणि आता म्हातारा विचारत होता, ह्याची आई कोण.

"बाबा, मग मी काय काढू?"

"शिपाई काढायचाय न्हवं? गावात हाईत की लढून आलेले. दौलू हाय. त्याला उभा कर अन् काढ."

*

दौलू दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चार वर्षं लढाईत काढून परत आलेला. वय तिशीचं, पण चालताना मध्येच थांबायचा आणि छातीवर हात ठेवून दम खायचा. डाव्या हाताची दोनच बोटं उरली होती.

अंबाजीनं त्याला कातळावर उभा केला. हातात काठी दिली.

"ही बंदूक समजा, दौलूदादा. छाती पुढं."

दौलूनं छाती पुढं केली. खोकल्याची उबळ आली.

"असू द्या, असू द्या. परत. मान वर. तिकडं, डोंगराकडं बघा. समोर शत्रू आहे असं समजा."

दौलूनं डोंगराकडं बघितलं. मग काठी खाली ठेवली.

"मान वर कुणी करायचं न्हाय तिथं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वर केली की गेली. आमी खड्ड्यात असायचो. माणूसभर खोल खणायचा, अन् त्यात बसायचं. अन्न तिथंच, झोप तिथंच. आट आट दिस शत्रू दिसायचा न्हाय. गोळा कुटनं आला ते कळायचं न्हाय."

"मग लढायचात कसे?"

"बसून," दौलू म्हणाला. "बसायचं, अन् वाट बघायची."

अंबाजी हातात कोळसा धरून उभा राहिला. बसलेला माणूस त्यानं कलाशाळेत पुष्कळ वेळा काढला होता. पण तो विचार करणारा, नाहीतर बासरी वाजवणारा.

"बरं, मग बसून दाखवा. जसे बसायचात तसे."

दौलू खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान गुडघ्यांत घातली. तोंड दिसेना, छाती दिसेना, मिशा दिसेनात. पाठ तेवढी दिसत होती, एखादा धोंडा पडावा तशी.

बराच वेळ तो तसाच राहिला. मग अंबाजीच्या ध्यानात आलं की तो दाखवत नव्हता. तो तिथं गेला होता.

"दौलूदादा..."

दौलूचे हात डोक्यावरच राहिले.

सटवाबा पलीकडं जात्याला टाकी लावत होते. ते उठले, जवळ आले, आणि दौलूच्या शेजारी मांडी घालून बसले. हळूहळू दौलूचे हात खाली आले.

"पाणी," तो म्हणाला.

सटवाबांनी तांब्या पुढं केला.

अंबाजीच्या कागदावर त्या दिवशी एक रेघ होती. पाठीची.

*

त्यानंतर चार दिवस त्याला काहीच काढता आलं नाही. उभा शिपाई काढायला घ्यावा तर तो खोटा दिसायचा. बसलेला काढावा तर तो स्मारकावर चालणार नव्हता. मान वर करायला लावणारा दगड पाटलांनी मागितला होता. मान गुडघ्यात घातलेला माणूस चावडीसमोर कोण उभा करील?

पाचव्या दिवशी तो रागानंच म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा. उभा नको, बसलेला नको. मग त्या दगडावर असायचं तरी काय?"

सटवाबा छिन्नीची धार बघत होते.

"काढायचं सोड. गावात जा."

"कशाला?"

"आयांना इचारून ये. पोराला हाक काय मारायच्या."

"नावं तर यादीत आहेत, बाबा. बापाच्या नावासकट, हुद्द्यासकट."

"यादीतलं नाव सरकारनं हजेरीला घ्यायचं. मी हाकेचं इचारतोय."

अंबाजीला हे काम कमीपणाचं वाटलं. मुंबईत शिकलेला कलावंत, आणि दारोदार फिरून टोपणनावं गोळा करायची. पण म्हाताऱ्याचा शब्द मोडायची सवय नव्हती. तो कागद-पेन्सिल घेऊन निघाला.

पहिलं घर पाटलांचं. पाटील शेतावर गेले होते. पाटलीण, सगुणाबाई, पडवीत गहू निवडत बसल्या होत्या.

"यादीत असंल की," त्या म्हणाल्या. "खंडेराव हैबतराव."

"तसं नाही, बाईसाहेब. तुम्ही हाक काय मारायचात, ते बाबांनी विचारलंय."

सगुणाबाईंचा हात सुपात थांबला.

अंबाजीला वाटलं, आपलं चुकलं, निघावं.

"खंडू," त्या म्हणाल्या. आणि मग जरा मोठ्यानं, परसाकडं तोंड करून, "खंडूऽ..."

हाक मारल्यासारखीच. परसात कोंबड्या होत्या, बाकी कुणी नव्हतं.

"पाच वर्षांत तोंडातनं बाहेर न्हवतं पडलं," त्या म्हणाल्या. "सगळी खंडेराव म्हनत्यात. मीबी म्हनाय लागले."

अंबाजी बाकीच्या पाच घरी गेला. कुठं त्याला तुका मिळाला, कुठं बाळा. एका घरी आई नव्हती, आजी होती. तिला कमी ऐकू यायचं. तिला तीनदा विचारावं लागलं, आणि तिनं नातवाचं नाव एवढ्या मोठ्यानं सांगितलं की शेजारची माणसं बाहेर आली. तिथून निघताना मुंबई, कलाशाळा, पहिला नंबर, यांतलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं.

संध्याकाळी तो खाणीवर परतला. दौलू तिथंच बसला होता. हल्ली रोज येऊन बसायचा.

"सहा झाली," अंबाजी म्हणाला.

"सात," दौलू म्हणाला.

"यादीत सहा आहेत, दौलूदादा."

"धुरपाचा पोरगा न्हाय त्यात. महारवाड्यातला. त्यो डोलीवाला म्हणून गेला हुता, जखमी उचलाय. बंदूक न्हवती त्याच्याकडं, मग यादीत कशाला घेत्यात?"

सटवाबांनी हातोडा खाली ठेवला.

"ह्यो हात गेला त्या दिवशी मी पडून हुतो," दौलू म्हणाला. "दोन्हीकडनं गोळ्या चालल्या हुत्या. त्यो आला, मला पाठीवर घेतलं अन् चालाय लागला. दीड कोस. वाटंत एका मशकीचं पाणी दोघं प्यालो. त्येनं आदी मला इचारलं, चालंल का. मी म्हनलं, बाबा, आन आदी." दौलूनं उरलेल्या बोटांकडं बघितलं. "पुढं म्हैन्यानं तापात गेला त्यो. बसऱ्याला."

"हे गावात सांगितलंत का कधी?"

"कुणी इचारलं?"

सटवाबांनी मावळतीकडं बघितलं.

"अंबू," सटवाबा म्हणाले, "उजेड हाय अजून. जा."

अंबाजी याच गावात वाढला, पण महारवाड्यात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. तो कडेच्या बाभळीपाशी थांबला. कुणीतरी आत जाऊन सांगितलं. धुरपा बाहेर आली, आणि सवयीनंच लांब उभी राहिली. अंगानं वाळकी, ताठ बाई.

अंबाजीनं विचारलं.

तिला आधी खरं वाटेना. तिनं परत विचारायला लावलं. मग ती म्हणाली,

"खंडू."

अंबाजीच्या तोंडून निघून गेलं, "खंडू तर झालाय एक."

"त्यो पाटलाचा," धुरपा म्हणाली. "ह्यो माजा."

*

सटवाबांनी सात खापऱ्या घेतल्या. अंबाजीनं त्यांच्यावर खडूनं सात नावं लिहिली. मग दोघं जमिनीवर त्या मांडत बसले. मानाप्रमाणं कोण वर, कोण खाली, हा प्रश्नच सटवाबांनी काढला नाही. डोळ्याला बरं काय दिसतं एवढंच ते बघत होते. लांब नाव वर आलं तर दगड डोईजड दिसायचा. आखूड नावं एकीकडं गेली तर तोल जायचा. शेवटी एक लांब नाव मधोमध बसलं, आणि दोन्ही खंडू त्याच्या वर आणि खाली, सारख्या अंतरावर आले.

"भोवती वेलबुट्टी?" अंबाजीनं विचारलं.

"नको."

"वर एखादी ओळ? तारीख? तलवारीचं चिन्ह?"

"नको."

"मग दगड उघडा दिसेल, बाबा."

"उघडा हायच की," सटवाबा म्हणाले.

काळ्या पाषाणाची एक उभी शिळा त्यांनी निवडली. वरचा खंडू सटवाबांनी स्वतः कोरला. खालचा अंबाजीला सांगितला. पण शिळेला हात लावण्याआधी टाकाऊ दगडावर कोरून दाखव म्हणाले.

अंबाजीनं मन लावून कोरला. 'ख'ला डौलदार वळण दिलं, 'डू'चा ऊकार झोकदार ओढला. बघताक्षणी कळावं, हा शिकलेल्याचा हात.

सटवाबांनी बघितला. "चांगला हाय. पण ह्यात तू दिसतोस."

"मग?"

"खंडू दिसंना."

दुसऱ्या दगडावर अंबाजीनं वळण साधं केलं. "अजून दिसतोस," सटवाबा म्हणाले. तिसऱ्या दगडावर त्यानं चिडून सटवाबांची हुबेहूब नक्कल केली. "आता मी दिसतोय," सटवाबा म्हणाले.

असे अकरा दगड झाले.

या काळातच एकदा हैबतराव पाटील वाटेवर भेटले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते चिडले नाहीत, उलट अंबाजीच्या खांद्यावर हात ठेवून बोलले.

"म्हाताऱ्याचं वय झालं. पुतळा न्हाय, काय न्हाय, नुसती घरातली नावं. त्यात ते महाराचं. मामलेदार काय म्हनतील? तू शिकलेला हायस. तू येगळा दगड घे. तू काढलेला तो शिपाई उभा कर. मी मामलेदारांकरवी मुंबईला कळवतो. नाव हुईल तुझं."

अंबाजीला तीन वर्षं हेच तर ऐकायचं होतं.

तो खाणीवर आला आणि सरळ म्हणाला, "बाबा, मी पुतळा करतो."

"कर की. दगड लई हाईत." सटवाबांनी मानसुद्धा वर केली नाही.

अंबाजीनं पुरुषभर उंचीचा दगड निवडला. कोळशानं खुणा केल्या. छाती, मांड्या, खांदा, सगळं मापात बसलं. मग तोंडाशी आला. नाक कुणाचं घ्यावं? त्याला एकदम परसाकडं तोंड करून हाक मारणाऱ्या सगुणाबाई आठवल्या. त्या या पुतळ्यासमोर उभ्या राहतील. त्यांना यात कोण दिसेल? ती आजी उभी राहील, तिला कोण दिसेल? धुरपाला तर चावडीपुढं उभंच राहता येणार नाही.

दिवसभर तो त्या दगडासमोर बसून होता. ऊन कललं तेव्हा उठला, ओल्या फडक्यानं खुणा पुसल्या, आणि टाकाऊ दगडांच्या ढिगातून बारावा दगड ओढून घेतला.

या वेळी कसं कोरायचं याचा त्यानं विचारच केला नाही. बाभळीखाली उभी असलेली ताठ बाई त्याला दिसत होती. 'ह्यो माजा.' छिन्नी चालत गेली.

सटवाबांनी तो दगड बघितला. बोट फिरवून बघितलं. शिळेकडं मान हलवली, एवढंच.

*

शिळा पुरी झाली तेव्हा सटवाबांनी निरोप धाडले. गाडीवर चढवण्याआधी बघून जा. सात घरांना निरोप गेले, सारखेच.

सकाळी बायका आल्या. पाटीलही आले, दोन-चार माणसं घेऊन. धुरपा आली आणि वाटेच्या पलीकडं, लिंबाच्या झाडाखाली थांबली.

शिळा खाणीच्या तोंडाशी उभी केली होती. काळी, साधी, उंचीला माणसाच्या छातीइतकी. सात नावं. दुसरं काही नाही. वाचता येणारं बायकांत कुणीच नव्हतं.

"अंबू, वाचून दाव," सटवाबा म्हणाले.

अंबाजीनं एकेका नावाकडं बोट दाखवत वरून सुरुवात केली. पहिलं नाव, दुसरं नाव. ज्या त्या बाईच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. तिसरं नाव आलं.

"खंडू."

कुणीच हललं नाही. सगुणाबाईंनी लिंबाकडं बघितलं. धुरपानं सगुणाबाईंकडं बघितलं. दोघींनाही वाटलं असावं, हा तिचा.

अंबाजी क्षणभर थांबला. मग चौथं वाचलं. पाचवं आलं.

"खंडू."

आता सगुणाबाई पुढं झाल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी त्या नावावर हात ठेवला. तळवा पुरता टेकवला. डोळे मिटले.

अंबाजी चटकन पुढं झाला. तो खालचा खंडू होता. त्यानं स्वतः कोरलेला. कोरताना त्याच्या मनात धुरपाच होती, दुसरं कुणी नव्हतं.

"बाईसाहेब, तो..."

सटवाबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड अजून दगडाची होती.

सगुणाबाई किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून त्यांनी लिंबाकडं बघितलं. शिळेपासून त्या एक पाऊल बाजूला झाल्या. एकच पाऊल. आणि मानेनं खूण केली.

धुरपा जागची हलली नाही.

"ये," सगुणाबाई म्हणाल्या.

पाटलांच्या माणसांत चुळबूळ झाली. पाटील काहीतरी बोलणार, तोच सगुणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. पाटील थांबले.

धुरपा वाट ओलांडून आली. चालताना तिचं लक्ष शिळेवरच होतं. तिला अक्षर कळत नव्हतं. सगुणाबाईंचा हात कुठं होता तेवढं तिनं लांबून बघून ठेवलं होतं. तिनं तिथंच हात ठेवला.

"गार हाय," ती हळूच म्हणाली.

"व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. "मलाबी लागला."

एवढंच बोलणं झालं. नदीकडून वारा येत होता. दौलू लांब बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, पण मान वर होती.

शेवटी पाटील पुढं आले. तोंड उतरलं होतं, पण आवाज चावडीवरचाच होता.

"अंबाजी, नावं दोन हाईत. खरं सांग. ह्यातला आमचा कुठला?"

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. सटवाबांनी मनगट सोडलं होतं. ते खाली बसून छिन्नी पुसत होते, जणू इथं काही चाललेलंच नाही.

अंबाजीला माहीत होतं. हा सटवाबांचा, हा आपला. हा पाटलांचा, हा धुरपाचा. बोट दाखवायचा अवकाश होता. पाटलांचा राग जाईल, मुंबईला नाव कळेल.

त्यानं शिळेकडं बघितलं. वरचा खंडू. खालचा खंडू.

"पाटील," तो म्हणाला, "मला ओळखता येत नाही."

"तूच कोरलंस न्हवं?"

"मीच कोरलं. पण ओळखता येत नाही."

पाटील मागं वळून माणसांना म्हणाले, "चला, गाडी लावा. चावडीपुढं न्यायचीय शिळा."

"हितंच राहू द्या," सगुणाबाई म्हणाल्या.

"अगं, मामलेदार..."

"मामलेदार हितं येतील. चावडीपुढं ठेवली तर आमी दोघी कशा यायच्या?"

दोघी म्हणजे कोण, ते पाटलांनी विचारलं नाही. गाडी रिकामीच परत गेली.

*

महिन्याभरानं मामलेदार येऊन गेले. खाणीच्या उतरणीवर त्यांच्या बुटांचे हाल झाले. त्यांनी शिळेला हार घातला, पुतळा कुठं आहे म्हणून विचारलं, आणि पाटलांनी दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मुंबईला कुणी काही कळवलं नाही.

त्या दिवशी माणसं पांगल्यावर अंबाजी शिळेपाशी आला. सटवाबा तिथंच टेकून बसले होते. खालच्या खंडूवर हातांचा तुकतुकीतपणा एवढ्यातच आला होता. सगुणाबाई येऊन जायच्या. धुरपा यायची. कधी एकीच्या मागून एक, कधी बरोबर. हात मात्र दोघींचाही तिथंच पडायचा.

अंबाजीनं वरच्या नावावर बोट फिरवलं. कडा अजून कोऱ्या होत्या.

"बाबा, एक विचारू?"

"हं."

"तुम्ही कोरलेला हा वरचा खंडू... याच्यावर अजून कुणीच हात ठेवला नाही."

सटवाबांनी नदीपलीकडच्या गावांकडं जाणाऱ्या वाटेकडं बघितलं. वाट रिकामी होती.

"अजून लई आया यायच्यात," ते म्हणाले.